स्वस्तातले शॉकअप

दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. देवळातून मुलुंडला घरी परतताना माझ्या लेकाने, हर्षदने, कुर्ल्याच्या गॅरेजवर गाडी थांबवली. हौसेने त्याने ती थोडी खाली बसवून घेतलीय, तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात माझ्या कमरेची वाट लागते. म्हणून आज नवे शॉकअप टाकायचे होते.

मेकॅनिक प्रितमने दोन प्रकार दाखवले. "हे स्वस्तातले, पण कडक आहेत. पुढे बसणाऱ्याला चालतील, मागे मात्र दणके बसणार. मावशींसाठी हे दुसरे घे ना यार, थोडे महाग पडतील."

प्रितमच्या तोंडून देवच बोलला असं वाटलं मला. मागच्या सीटवरूनच मी दुसऱ्यांकडे बोट दाखवलं. हर्षदचं लक्ष नव्हतं.

"स्वस्तातलेच टाक रे."

"अरे, मावशी ऐकतायत!"

"मौन आहे तिचं," हर्षद म्हणाला. मौनात कानही बंद होतात, असंच त्याला वाटतं बहुतेक. कारण पुढचं बोलताना त्याने आवाजसुद्धा खाली केला नाही.



"गणपतीला गावी नेतोय ना तिला, आता कायमची तिकडेच ठेवणार. मग मागे बसणार कोण?"