राहिलेले डोळे

"डोळे काढूच नकोस," वैदेहीताई म्हणाल्या. "तीच तर तुझ्या पुस्तकाची ताकद आहे."

लतिका दादरला वैदेहीताईंच्या प्रकाशनाच्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसली होती. टेबलावर तिची चित्रं पसरली होती. चाळीच्या गच्चीवर पापड वाळत घातलेत आणि पोरं काठ्या घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून आहेत, एवढीच गोष्ट. काठ्या होत्या, कावळे होते, पापडातलं जिरंसुद्धा होतं. पोरांना डोळे नव्हते. तिथे नुसती कोरी जागा.

डोळे काढायचे राहिलेत, असं तिने मेलमध्येही लिहिलं होतं. आता पुन्हा सांगितलं. वैदेहीताई हसल्या. मग त्यांनी तिला तिच्याच चित्रांचा अर्थ समजावला. गिरणगावातली मुलं, त्यांच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून त्यांनाही बघण्याचा हक्क उरलेला नाही. वैदेहीताई शिवाजी पार्कात वाढलेल्या. लतिकाच्या घरी घोडपदेवला आयुष्यात एकदा आल्या होत्या, तेव्हा गाडी कुठे लावायची म्हणून फोनवर फोन. पण शनिवारच्या वर्गात चित्रपुस्तक करायला लतिकाला त्यांनीच शिकवलं होतं. डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत, कशी बांधायची, पान उलटताना मुलाला काय दिसलं पाहिजे, सगळं. त्यांच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे जिवावर यायचं.

खरं कारण साधं होतं. लतिका गणपतीच्या कारखान्यात लहानाची मोठी झाली होती. तिथे अंगाचा रंग, सोवळं, दागिने, सगळं होतं आणि मग शेवटी डोळ्यांची आखणी. ती कोणीही उठून करत नाही. परळच्या त्या कारखान्यात ती तात्या करायचे, लतिकाचे वडील. सीझनला दुसऱ्या कारखान्यांचे मालक त्यांना न्यायला येत. इतकी वर्षं डोळे काढून या माणसाचं नाव कुठे लागलं नव्हतं. पाटीवर मालकाचं नाव, आणि मूर्ती समुद्रात. पुस्तक कोणी बुडवत नाही, म्हणून लतिकाने ठरवलं होतं की आपल्या पोरांचे डोळे तात्याच काढतील, आणि पहिल्या पानावर छापून येईल : आखणी - भिवा घाडी. हे तिने तात्यांना सांगितलं तेव्हा ते खाली जाऊन चाळीच्या सगळ्या मजल्यांना सांगून आले.

आणि मग त्यांनी टाळाटाळ सुरू केली. आज उजेड नाही. हा ब्रश जाडा आहे. कागद रंग ओढतोय. उद्या बघू. यंदा कारखान्यातूनही ते दुपारीच घरी यायला लागले होते, कंटाळा आला म्हणायचे. लतिका चित्रं त्यांच्या पुढ्यात ठेवायची आणि तशीच उचलायची. देवाचे डोळे काढायला रात्र रात्र जागतात आणि पोरीच्या पुस्तकाला यांना उजेड नाही. पोरांचं पुस्तक म्हणजे खेळ, असंच वाटत असणार. चित्रं द्यायची तारीख आली तेव्हा तिने रागारागाने ती तशीच पाठवून दिली.

"डोळे काढलेस तर हे चार पुस्तकांसारखं पाचवं होईल," वैदेहीताई म्हणाल्या. "मग मला नाही छापता येणार."

लतिकाला तात्यांचा तो कंटाळा आठवला, तो उजेड आठवला. राहू द्या मग, असं ती म्हणाली. डोळेच नाहीत म्हटल्यावर आखणीची ओळही नको. वैदेहीताईंनी ती तिच्यासमोरच पुसली. घरी लतिकाने यातलं काही सांगितलं नाही. तात्यांनीही चित्रांचं पुन्हा नाव काढलं नाही, त्याचा तिला जास्तच राग आला.

पुस्तकाचं प्रकाशन गिरगावातल्या एका हॉलमध्ये झालं. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारायचं तेच विचारलं. लतिकाने पाठ केलेलं बोलून दाखवलं. मी मुद्दाम डोळे काढले नाहीत. आमच्या मुलांकडे कोणी बघत नाही. हॉल कळवळला आणि मग टाळ्या वाजल्या. तात्यांनी पुस्तक उघडलं, पहिलं पान पाहिलं, मग एकेक चेहरा पाहिला. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. सगळे थांबल्यावरही त्यांच्या चालूच होत्या.

बसस्टॉपवर दोघं उभे राहिले. लतिकाने उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही वेळेवर काढले असते तर. मी किती वाट बघायची. ते एक वाक्य बोलले की ही दहा ऐकवणार होती.

तात्यांनी पँटच्या खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि दिव्याखाली तिच्यासमोर धरला. बोटं एका जागी ठरत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने मनगट धरलं, तरी ठरेनात.

"बरा केलंस गो बाय," ते म्हणाले. "मी ब्रश लावलंय असतो तर तुझी पोरां तिरळी झाली असती. कारखान्यात अजून कोणाक ठावक नाय. तुका माझ्या हाताचा कळला, म्हणान तू सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलंस. होय ना?"

"हो तात्या," लतिका म्हणाली.