उरलेली अक्षरं

"आता नाव टाक," म्हणत बंड्याने लॅपटॉप चिऊकडे सरकवला.

कॉलेजची ती जुनी कॉम्प्युटर लॅब आता चिऊच्या ताब्यात होती. ती इथेच शिकली आणि इथेच शिकवायला लागली. केस पिकले तरी बंड्यासाठी ती चिऊच होती. शिकत असताना हजेरीपासून जर्नलपर्यंत सगळीकडे ती तेवढंच नाव लिहायची आणि सरांची बोलणी खायची.

"एवढ्या लांबून मला सी प्रोग्रॅमिंग शिकवायला आलास?"

"नाही गं. एक चूक दुरुस्त करायला आलोय."

काय दिवस होते ते! चौघांत एक मशीन. कोणाचीही फाइल कोणीही उघडावी, चिऊने त्यातल्या चुका काढाव्यात आणि ज्याच्या चुका जास्त त्याने चहा पाजावा. बंड्या पहिल्यापासून भित्रा. तोंडाने विचारायची छाती नव्हती, म्हणून त्याने प्रोग्रॅम लिहिला. तो आधी नाव विचारायचा आणि मग, 'माझ्याशी लग्न करशील?' उत्तर 'हो' सोडून दुसरं काहीही आलं की पडदा पुसून लिहायचा, 'बरं. पुन्हा विचारणार नाही.'

शेवटच्या दिवशी चिऊ मशीनपुढे बसली. बंड्या दाराशी उभा. तिची बोटं बराच वेळ चालली, पडद्यावर ते वाक्य उमटलं आणि बंड्याने जी धूम ठोकली ती थेट नोकरीच्या गावी.

"मी शब्द पाळला. तुझ्या लग्नात जेवूनसुद्धा आलो," तो म्हणाला. "पुढे कधीतरी ऑफिसात एका नव्या मुलीला टाइप केलेली ओळ वाचायचं फंक्शन समजावत होतो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नावाला मी दहाच अक्षरांची जागा ठेवली होती. मावतील तेवढी अक्षरं आत गेली, उरलेली रांगेत थांबली आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तीच पुढे झाली! तू पूर्ण नाव टाकलं होतंस ना?"

"हो. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट."

"बघ! म्हणजे तुला प्रश्न दिसलाच नाही." त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "आता मी उरलेलं सगळं काढून टाकतो, मगच पुढचं विचारतो. मला काही मागायचं नाही, चिऊ. त्या दिवशी तू काय म्हणाली असतीस, तेवढं कळलं की पुरे."

चिऊने नाव टाकलं. प्रश्न उमटला आणि उत्तराची वाट बघत थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने चष्मा काढून पुसला आणि लॅपटॉप हलकेच मिटला.

"बंड्या, जन्मभर नुसतं चिऊ लिहिणारी मी, त्याच दिवशी एवढं लांबलचक नाव का टाकेन रे?"

बंड्या लॅपटॉप पुन्हा उघडायला गेला, तशी तिने त्यावर हात ठेवला.

"तुझी फाइल मी आदल्या दिवशीच वाचली होती."