अंगठ्याच्या रेषा

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या लक्ष्मव्वाचा अंगठा तिसऱ्या महिन्यातही रेशनच्या मशीनवर जुळला नाही. पस्तीस वर्षं विड्या वळून बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या.

"तू तर मला ओळखतोस की, नंदीश," ती दुकानदाराला म्हणाली.

"लहानपणापासनं ओळखतो, मावशी. पण मशीननं व्हय म्हटल्याबिगर मला दाणा देता येत न्हाय."

मग ती आधार केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी तिची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"महिनाभर विड्या वळू नका. रेषा परत उमटतील."

"आन तवर खायचं काय?"

बाईंनी पुढचा नंबर पुकारला.

लक्ष्मव्वानं विड्यांचं सूप भिंतीला उभं करून ठेवलं. शेजारीण पीठ द्यायची, त्याची भाकरी ती आणि तिची नात अर्धी-अर्धी खायच्या. आजीची बोटं झिजू नयेत म्हणून भांडी नात घासायची. लक्ष्मव्वा रोज अंगठ्याला खोबरेल चोळून दारातल्या उन्हात धरून बघायची.

महिन्यानं तिनं मशीनवर अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. तिला हसूच फुटलं. तिनं घाईनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.

नंदीश मात्र जागचा हलला नाही.

"अंगठा जुळला, मावशी. पण कार्ड बंद केलंय." त्यानं खालमानेनं स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, "सलग तीन महिने धान्य उचललेले नाही. सबब, लाभार्थीस धान्याची गरज नाही."