खाणीतला काळा कुत्रा

आमच्या लहानपणी गल्लीतल्या शिवणवाल्या काकू सांगायच्या, "जुन्या खाणीतल्या पाण्यात काळ्या कुत्र्याचं भूत आहे. डोळे निखाऱ्यासारखे. काठावर आलेल्या पोराचा पाय धरून तळाशी नेतं." आमची अशी पाचावर धारण बसली की भर उन्हाळ्यातही कुणी पोहायला तिकडे फिरकलं नाही.

परवा लेकीचा फ्रॉक सैल करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो. लेक बाहेर पायरीवर खेळत होती.

"काकू, आता तरी खरं सांगा. तो कुत्रा तुम्ही पाहिला होतात?"

"कुठला कुत्रा अन् कुठलं काय. पाणी खोल होतं, तेवढं खरं."

मी हसलो. "पण त्याच्यामुळे गल्लीतली आम्ही सगळी पोरं धडधाकट मोठी झालो बघा."

"एक सोडून." काकूंनी मशीनच्या वर लावलेल्या आपल्या मुलाच्या फोटोकडे पाहिलं. "तेव्हा कुत्रा नव्हता ना."

मी लेकीला आत बोलावलं आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसवलं.

"काकू, हिलाही त्या कुत्र्याची गोष्ट सांगा."