आयुषचं शॅडोइंग

पंडितने आपल्या मुलाच्या, आयुषच्या थोबाडीत मारली तेव्हा त्याच्या हातातली बँडेजची गुंडाळी घरंगळत डॉक्टर देवयानीच्या बुटापाशी आली.

"हात लावू नकोस तिला," पंडित म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "परत लावलास तर हात तोडीन."

तपासणीच्या खुर्चीवर त्याची बायको कांचन उजवा पाय पुढे करून बसली होती. पायाची दोन बोटं वांग्यासारखी काळीनिळी झाली होती.

देवयानीने पंडितला दाराबाहेर काढलं. अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं हे पायांचं क्लिनिक तिचं स्वतःचं होतं आणि तिथे कोणी कोणावर हात उगारलेला तिला खपत नसे. पंडित तिच्या दुप्पट, पण निमूट गेला. असली माणसं घरात वाघ आणि बाहेर शेळी असतात, हे ती ओळखून होती.

"काय झालं कांचनताई?"

"फ्रीझरमधला डबा पडला."

"मागच्या वेळी पण डबाच पडला होता."

कांचनने मुलाकडे पाहिलं. "माझाच हात धड नाही."

"इट्स ओके, आई," आयुष म्हणाला. त्याचा गाल लाल झाला होता. त्याने गुंडाळी उचलली, कचऱ्यात टाकली, नवी घेतली. अशा वेळीही स्वच्छतेचं भान. देवयानीला त्याचं कौतुक वाटलं.

आयुषला पोडियाट्री स्कूलला, म्हणजे पायांच्या डॉक्टरकीला जायचं होतं. त्यासाठी एखाद्या डॉक्टरमागे सावलीसारखं उभं राहून काम बघावं लागतं आणि त्याच डॉक्टरचं शिफारसपत्र लागतं. गेल्या वर्षी झाडून सगळ्या कॉलेजांनी त्याला नाकारलं. शॅडोइंग करणाऱ्याने पेशंटला बोटही लावायचं नाही असा नियम. मग डॉक्टर तरी पत्रात काय लिहिणार? मुलगा कोपऱ्यात शांत उभा होता, एवढंच. पोरगा डॉक्टर होतो की नाही, यापलीकडे त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आईच्या पायाला मात्र त्याला हात लावता येत होता. कांचन पहिल्यांदा बोट मोडून आली, तेव्हा देवयानीने त्याला घरी करायचं ड्रेसिंग शिकवलं. पुढच्या खेपेला पट्टी सोडून बघते तर काम इतकं सुबक, की तिच्या नर्सने शिकावं. त्या दिवसापासून तो तिचा लाडका झाला.

बाहेर पंडित भिंतीला टेकून उभा होता.

"लाज नाही वाटत?" देवयानी म्हणाली.

"मॅडम, एकच करा. या पोराला इथे येऊ देऊ नका. लेटर तर अजिबात देऊ नका."

तिचं डोकंच फिरलं. बायकोचे पाय मोडून भागलं नव्हतं, आता पोराचं आयुष्यही मोडायचं होतं.

"का? रीझन सांगा ना."

पंडितने दाराच्या काचेतून आत पाहिलं. कांचन त्याच्याकडेच बघत होती. तिने तिथूनच हात जोडले.

"आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला.

ते जोडलेले हात देवयानीला बघवले नाहीत. तिने पोलिसांना फोन केला.

दोन पोलीस आले. एक्स-रे समोर होते. घाव प्रत्येक वेळी वरून, जड आणि बोथट वस्तूचा. हातच्या कंकणाला आरसा कशाला? एका पोलिसाने पंडितला विचारलं, हे तू केलंस का? पंडितने बायकोकडे पाहिलं. ती मान हलवत नव्हती, नुसती रडत होती.

"हो," तो म्हणाला. "मीच मारलं."

त्याला बेड्या घालायला घेतल्या, तेवढ्यात आयुषने आईचा पाय मांडीवर घेतला. पंडित हिसडा देऊन थेट मुलाच्या अंगावर गेला. त्याने त्याचा गळा धरला, डोकं कपाटावर आपटलं. दोघा पोलिसांनी मिळून पंडितला फरशीवर पाडलं. पाठीत गुडघा बसला, कपाळ फुटलं, पांढऱ्या फरशीवर रक्त पसरलं.

"सोड तिला," तो तसाच ओरडत होता. "सोड तिला."

देवयानीने कांचनला छातीशी धरलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

पंडित तुरुंगात गेला. देवयानीने आयुषचं शिफारसपत्र जीव ओतून लिहिलं. हा मुलगा दुखऱ्या पायाला हात लावतो तेव्हा पेशंटची भीती जाते, असं तिने त्यात लिहिलं होतं आणि तिला ते मनापासून खरं वाटत होतं.

कॉलेजने आयुषला वेटलिस्टवर टाकलं.

तो क्लिनिकमध्ये येऊन मान खाली घालून बसला. "डॉक्टर, अपडेटेड लेटर चालेल म्हणतायत."

"देईन ना. पण काहीतरी नवीन क्लिनिकल लागेल यार. तीच केस परत कशी लिहू?"

"नवीन काही असेल तर?"

"देन डेफिनेटली."

तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. धीर सोडू नकोस, म्हणाली.

आयुष घरी आला तेव्हा कांचन कणीक मळत होती. नवऱ्याच्या माघारी ती बरीच वाळली होती, पण पाय भरून आला होता. आता ती न लंगडता चालायची. आयुषने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात धुतले, कणकेवर ताट झाकलं. मग खुर्ची ओढून बसली. आयुषने ओट्याखालून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता काढला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

कांचनने मोजा काढला.

"या खेपेला डावा घे," ती म्हणाली. "उजव्यावर उभी राहून पोळ्या तरी लाटता येतील."