नावाची जागा

"हे तुला लिहायचंय," नवरा म्हणाला आणि त्यानं इस्त्रीच्या टेबलावर एक कागद ठेवला. "नियमच आहे. बोलावणाऱ्याच्या बायकोनं स्वतःच्या अक्षरात लिहायचं, की येणाऱ्या माणसाशी आपलं किती जिव्हाळ्याचं नातं आहे."

येणारं माणूस म्हणजे नणंद. या परक्या देशात एका घराला पाच वर्षांत एकाच नातेवाइकाला राहायला बोलावता येत होतं, आणि त्यानं बायकोला न विचारता बहिणीचा अर्ज टाकला होता. बायकोची धाकटी बहीण पाच वर्षांनी वयाच्या अटीत बसणार नव्हती. "तिचं पुढे बघू" म्हणे! आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. समुद्र ओलांडला तरी म्हणी काही मागे राहत नाहीत.

तिनं इस्त्री बंद केली. दुकानात दिवसभर परक्यांच्या पँटी आखूड करायच्या, उरलेल्या घरी आणून इस्त्री करायच्या, त्यात आता हे. तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते ती स्वतःपासून लपवतही नव्हती. नणंदेला विमान, नणंदेला मागची खोली, आणि वर नणंदेबद्दलचा जिव्हाळाही हिनंच पुरवायचा.

"ताईंनी आजवर मला नुसती नावं ठेवली. जिव्हाळा कुठून आणू?"

"अगं, दोन ओळी खरड. चार गोड शब्दांनी तुझं काय झिजणार आहे?" असं म्हणून तो अंघोळीला गेला.

तो डोकं पुसत बाहेर आला, तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. तो उभ्याउभ्याच वाचू लागला. मला ताप आला की ती उशाशी बसून राहायची. एकदा भर उन्हात माझी चप्पल तुटली, तर तिनं स्वतःची काढून दिली आणि घरापर्यंत अनवाणी आली. वर मलाच हसली. ती इथे आली, तर हे घर मला माझं वाटेल.

त्यानं चपलेची ओळ पुन्हा वाचली. "ताईनं तुला चप्पल दिली होती? कधी बोलली नाहीस ती."

ती पँटीची घडी घालत राहिली.

"आणि हे गं काय? नावाची जागा कोरीच ठेवलीस?"

"तेवढं तुम्ही लिहा," ती म्हणाली. "माझ्या हातून दुसरंच लिहिलं जाईल."