नवसाचा दोरा

ठाण्यात प्लेग आला तेव्हा खाडीपलीकडे कळव्याला आजाऱ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. सख्खेही तिकडे फिरकेनात, पण कातरीनबायचा एकुलता एक बस्त्याव त्यांना पाणी पाजायला निघाला. "तिथं तुझं कोन हाय रं?" गावच्या क्रुसापाशी तिनं अडवलं. क्रुसाकडे बघत तो म्हणाला, "आपुन येशूचे कोन व्हतो, आये?" तिनं दोऱ्यानं त्याची उंची मोजली, गाठ मारली आणि नवस बोलली, "पोरगा जिवंत परतला तर त्याच्याएवढी मेणबत्ती देवळात लावीन." पंधरवड्यानं सुतार अंगणाबाहेर उभा राहिला. बस्त्याव सकाळीच कळव्याला वारला होता. प्लेगच्या मयताजवळ कुणाला जाऊ देत नव्हते. "पेटी करायचीय, बाय. उंची किती व्हती?" तिनं चोळीतून दोरा काढून त्याच्या हातावर ठेवला. "गाठीपर्यंत लांब घे. आनि जरा रुंद कर. खांदे मोठे हायेत त्याचे."